कुंदाताईंचा अतारांकित प्रश्न

मुक्ता, तो लॅपटॉप बाजूला ठेव आणि जरा जवळ सरक बघू. आता तू म्हणशील, मावशीआजी, तू स्नेहलतागंजात, मी भंवरकुआंला, सरकू कशी? तेच तर माझं भांडण आहे तुझ्याशी. नाशिकहून तू नोकरीला इंदूरला आलीस तेव्हा तुझ्या आजीनं, म्हणजे माझ्या ताईनं, फोन करून सांगितलं होतं की पोरगी तुझ्या भरवशावर पाठवतेय. भरवसा राहिला बाजूला, मला तुझं तोंड दिसतं ते फोनमध्ये, तेही अर्धं, कपाळापासून नाकापर्यंत. सराफ्यात मैत्रिणींबरोबर भुट्ट्याचा कीस खायला येतेस ते मला कळत नाही असं वाटतं का तुला? तिथून माझं घर काही विलायतेला नाही. बरं, जाऊ दे. रागावून झालं.

त्या दिवशी तू विचारलंस, तुझ्या भिंतीवरच्या फोटोत तुझ्या शेजारी त्या चष्मेवाल्या बाई कोण? मी म्हटलं, कुंदाताई. तू म्हणालीस, "अच्छा," आणि तुझी मीटिंग सुरू झाली. एवढं अख्खं माणूस एका "अच्छा"त कसं बसवू गं? म्हणून लिहायला घेतलं. शाळा माझी लवकर सुटली, लिहिणं मी घरीच शिकले, त्यामुळे बोलते तसंच लिहिते. आणि आमच्या मराठीत हिंदी इतकी मुरलीय की आता निवडून काढता येत नाही. हसायचं तर हस, पण वाच.

कुंदाताई चांदोरकर आमच्या खालच्या दोन खोल्यांत राहायच्या. एकट्या. आजोबा होळकरांच्या कचेरीत होते म्हणे, वडील सरकारी शाळेत, आणि त्या स्वतः आरोग्य खात्याच्या ऑफिसात स्टेनो. ताठ बसायच्या, ताठ चालायच्या, आणि एक गंमत होती त्यांची: बोलताना चष्मा काढायच्या, ऐकताना लावायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "वहिनी, समोरचा खरं बोलतोय का ते दिसायला हवं ना." मग बोलताना का काढता? "माझं मला माहीत असतं."

त्यांचं बोलणं ऐकायला नवीन माणूस गडबडायचा. मी चहाला बोलावलं की म्हणायच्या, "येते. पण साखर घालणार का? असल्यास किती? नसल्यास का नाही?" भाजीवाल्याचा ठेला दारात आला की खालून आवाज यायचा, "भैया, ये मेथी आज की है क्या? यदि हां, तो मुरझाई क्यों? यदि नहीं, तो लाए क्यों?" तो बिचारा हात जोडायचा, "माताजी, मेथी लेनी है कि बयान लेना है?" आणि त्या हसायच्या, खूप हसायच्या. समोर एक नवीन बिऱ्हाड आलं होतं, त्यातल्या बाईनं पहिल्याच भेटीत विचारलं, "आपने शादी क्यों नहीं की?" कुंदाताईंनी शांतपणे चष्मा काढला आणि म्हणाल्या, "यह विषय इस विभाग से संबंधित नहीं है." ती बाई आठवडाभर आमच्याकडे विचारत होती, कुठल्या विभागात जायचं म्हणून.

हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं ते विधानसभेच्या प्रश्नांतून. तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते. मलाही त्यांनीच सांगितलं. भोपाळला विधानसभा भरते तेव्हा आमदार सरकारला प्रश्न विचारतात. काही प्रश्नांवर तारा असतो, म्हणजे ताऱ्याचं चिन्ह. त्यांचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यावं लागतं. बाकीचे अतारांकित. त्यांचं उत्तर नुसतं लिहून येतं, छापून येतं. त्यावर आरडाओरड नाही, टीव्ही नाही, काही नाही. कुंदाताई म्हणायच्या, "पण वहिनी, खरी धास्ती त्याचीच. तोंडी उत्तर हवेत जातं. लिहिलेलं राहतं."

आमदार प्रश्न विचारणार मंत्र्याला, मंत्री विचारणार खात्याला, खातं विचारणार खालच्या ऑफिसाला, आणि शेवटी तो कागद येऊन पडायचा कुंदाताईंच्या टेबलावर. नावाला त्या टाइप करायच्या. उत्तर जुळवायच्याही त्याच. साहेब घामाघूम होऊन यायचे, "कुंदाजी, इसमें फंस रहे हैं क्या?" या कागद वाचायच्या, चष्मा काढायच्या. "नहीं सर, 'क' में ही गिर जाएगा."

म्हणजे काय, तर प्रश्नाचे भाग असतात, क, ख, ग, घ. आमदार लिहितो, क: अमुक ठिकाणी नर्सची जागा रिकामी आहे हे खरं आहे का? ख: असल्यास का? ग: कधी भरणार? आता तिथे कागदावर कुणाचं तरी नाव लावलेलं असलं, मग ती नर्स तिथे कधी फिरकत नसली तरी, 'क'चं उत्तर होतं "जी नहीं". आणि एकदा 'क' नाही म्हटलं की खालच्या सगळ्यांना एकच ओळ: "शेषांश का प्रश्न उपस्थित नहीं होता." म्हणजे उरलेलं विचारायचं कारणच नाही. संपलं. आमदारही गप्प, साहेबही मोकळे, ऑफिसात समोसे.

मी म्हटलं, "म्हणजे खोटंच की हो." तर चिडल्या. "अजिबात नाही! खोटं लिहिलं तर सभागृहाचा अपमान होतो, नोकरी जाते. मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. खरंच लिहायचं, फक्त त्यातून काही निघू द्यायचं नाही." आणि मग जरा वेळानं, चष्मा लावून, माझ्याकडे बघत बसल्या. मी काय म्हणते ते ऐकायला.

अधिवेशनाच्या दिवसांत त्यांचा तोरा बघायचा. फोनवर फोन, दारात जीप, भोपाळला जाणारा माणूस ओटल्यावर खोळंबलेला. घरी कुणी यायचं नाही एरवी, ना भाचा ना पुतण्या. पण त्या दिवसांत वाटायचं, सबंध मध्य प्रदेशाचं कुंदाताईंवाचून अडलंय.

मग रिटायर झाल्या. शाल, श्रीफळ, भाषणं. पुढचं अधिवेशन आलं तेव्हा मी खाली दळणाचा डबा द्यायला गेले तर त्या खुर्ची फोनजवळ ओढून बसलेल्या. म्हणाल्या, "दुबेजी नवीन आहेत ना तिकडे. मीच शिकवलंय त्यांना, पण अडलं तर विचारतील." दुबेजींचं काही अडलं नाही. पुढच्या अधिवेशनाला खुर्ची पुन्हा आपल्या जागी होती. त्या मोबाइलवर विधानसभेची छापील उत्तरं वाचायला शिकल्या. बाकीच्या बायका सिरियल बघायच्या, या उत्तरं वाचायच्या. एकट्याच हसण्याचा आवाज यायचा खालून. मी डोकावले की, "या वहिनी, बघा किती ढिसाळ लिहिलंय! मी असते तर..." आणि वाक्य तिथेच सोडून द्यायच्या.

आता दवाखान्याचं सांगते, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक सरकारी दवाखाना आहे. मोठा काही नाही: दोन खोल्या, एक व्हरांडा आणि व्हरांड्यात लांबलचक लाकडी बाक. तिथे डॉक्टर सोलंकीजी असायचे. औषधं असोत नसोत, ते सगळ्यांचं बीपी बघायचे आणि पट्टा गुंडाळता गुंडाळता विचारायचे, "और माताजी, नींद कैसी आई? सब्जी क्या बनी?" आम्ही म्हाताऱ्या सकाळी त्या बाकावर जमायचो. मी, सिंधी गल्लीतल्या दोघी, पोहेवाल्याची आई, आणि कुंदाताई. कुंदाताईंना काहीही झालेलं नव्हतं. बीपी एकदम नॉर्मल. तरी रोज यायच्या, इस्त्रीची साडी नेसून, जशा ऑफिसला जायच्या तशा. सोलंकीजी म्हणायचे, "कुंदाजी, आपका बीपी देखकर मेरा ठीक हो जाता है." एवढं ऐकून त्या घरी जायच्या. दिवसाला पुरायचं ते.

एक दिवस दाराला कुलूप. तिथली आया, शकुनबाई, झाडून घेत होती. म्हणाली, "डागदरसाब को अटैच कर दिया." म्हणजे नाव इथेच ठेवायचं आणि माणूस दुसऱ्या ऑफिसात बसवायचा, फायली बघायला. आम्ही काही दिवस बाकावर बसून बघितलं. मग पोहेवाल्याची आई यायची थांबली. सिंधी गल्लीतल्यांना त्यांच्या मुलांनी प्रायव्हेटला दाखवलं. मला सूनबाईनं घरीच मशीन आणून दिलं, बटण दाबलं की आकडा येतो. भाजी काय केली विचारत नाही ते.

कुंदाताईंना कुणी मशीन आणून दिलं नाही. त्या जात राहिल्या. कुलपासमोर बसून परत यायच्या. मी वरून बघायची, फाटक उघडताना पाऊल जड पडायचं. एकदा जिन्यात म्हणाल्या, "वहिनी, कालपासून आज संध्याकाळपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. आत्ता तुमच्याशी बोलले तर घसा खरखरला." आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून माझ्या दारात उभ्या. "चला. आमदारांकडे."

आमदार साहेबांच्या ऑफिसात गर्दी ही एवढी. त्यांचे पीए लोकेशजी, तिशीतला माणूस, तीन फोन समोर. "बोलो माताजी, ट्रांसफर कराना है?"

"प्रश्न लगाना है," कुंदाताई म्हणाल्या.

लोकेशजींनी मान वर केली. "अरे वा! कौन से विभाग को टाइट करना है?"

"टाइट नहीं करना. पूछना है."

"एक ही बात है," ते म्हणाले आणि खुर्ची पुढे केली. नंतर चहासुद्धा आला. ते सांगत होते, भिया, म्हणजे आमदार साहेब, तर सारखे दौऱ्यावर, प्रश्न सगळे असेच येतात, कुणी ठेकेदार आणतो, कुणी भांडलेला बाबू आणतो, आम्ही वाचून सही घेतो आणि भोपाळला धाडतो. "आप किससे लड़ी हैं?" कुंदाताई म्हणाल्या, "किसी से नहीं." घरून लिहून आणलेला कागद त्यांनी दिला. लोकेशजींनी मोठ्यानं वाचला: क, क्या यह सही है कि स्नेहलतागंज का शासकीय औषधालय कई माह से बंद है? ख, यदि हां, तो क्यों? ग, इसके लिए कौन दोषी है? घ, वृद्ध महिलाएं कहां जाएं?

"घ तो दिल को लग गया माताजी," ते म्हणाले. परतताना रिक्षात कुंदाताई एकदम पोरीसारख्या झाल्या होत्या. मला कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपाशी, उतरवून घेतलं आणि कुल्फी खायला घातली. म्हणाल्या, "आयुष्यभर उत्तरं दिली. पहिल्यांदा प्रश्न विचारला मी."

उत्तर आलं त्या दिवशी खालून हाक आली नाही. मीच गेले. मोबाइल पुढे धरून बसल्या होत्या. मी वाचलं. क: जी नहीं. ख से घ: उत्तरांश 'क' के परिप्रेक्ष्य में शेषांश का प्रश्न उपस्थित नहीं होता.

मला काही कळेना. "पण कुलूप तर आहे!"

"कागदावर नाही ना वहिनी. कागदावर डॉक्टर आहे, आया आहे, दवाखाना आहे. बंद केल्याचा आदेश कुणी काढलाच नाही. मग बंद कसा?" आणि हसायला लागल्या. "दुबेजींनी काय सुंदर लिहिलंय. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मीसुद्धा हेच लिहिलं असतं." मग हसता हसता थांबल्या. "'क'च मी असा लिहिला, की गिरायलाच बसला होता. मी! रागानं लिहिलं हो. दुखलं म्हणून लिहिलं. दुखलेल्या माणसानं प्रश्न लिहू नये."

त्या दिवशी मी त्यांना एकटं सोडलं नाही. तिथेच खिचडी टाकली, दोघींनी खाल्ली. बोलणं काही झालं नाही, पण भांड्यांचा तरी आवाज झाला.

पुढच्या अधिवेशनाच्या आधी त्या पुन्हा बसल्या. या वेळी मी समोर होते. एक ओळ लिहायच्या, मग स्वतःच खात्याच्या बाजूनं तिला उत्तर द्यायच्या, "जी नहीं" बसतंय का बघायच्या, बसलं की खोडायच्या. "क्या" हा शब्दच काढून टाकला. बंद आहे का, हे विचारलंच नाही. विचारलं काय? या दवाखान्यात कोण डॉक्टर नेमलेत त्यांचं नाव सांगा. ते रोज हजेरी कुठे लावतात ते सांगा. त्यांना दुसरीकडे बसवलं असेल तर त्या लेखी आदेशाची प्रत जोडा. महिन्यागणिक किती रोगी तपासले ते सांगा. म्हाताऱ्या बायकांचं एक अक्षर नाही.

"'घ' का काढलंत?" मी म्हटलं. "तो चांगला होता."

चष्मा काढून म्हणाल्या, "त्याचं उत्तर कुठल्याच खात्याकडे नाही वहिनी."

लोकेशजींना हा कागद काही रुचला नाही. "इसमें मजा नहीं है माताजी, पहले वाला अच्छा था." पण सही आणून दिली त्यांनी, माणूस भला. आणि उत्तर आलं: जानकारी एकत्रित की जा रही है. मला वाटलं, पुन्हा पाणी पडलं. पण कुंदाताई उठून उभ्याच राहिल्या. "वहिनी, हे वचन असतं! माहिती गोळा करतोय म्हणाले की ती कधीतरी द्यावीच लागते, विधानसभेची समिती मागे लागते. आता बघा. उत्तर लिहायला बसतील आणि त्यांच्या लक्षात येईल की आपल्याकडे लिहायला काहीच नाही. लेखी आदेश कुठला दाखवणार? तोंडीच तर उचलून नेलं होतं त्यांना. मग आधी दवाखाना उघडतील आणि नंतर उत्तर लिहितील."

अगदी तसंच झालं गं. लगेच नाही; होळी आली, गेली, उन्हाळा तापला. मग एका सकाळी शकुनबाई धावत आली, "खुल गया, खुल गया!" छापील उत्तर त्यानंतर आलं: चिकित्सक पदस्थ होकर कार्यरत हैं. खरंच होतं. अक्षर न् अक्षर खरं.

फक्त सोलंकीजी तोवर रिटायर होऊन उज्जैनला मुलाकडे गेले होते. आला तो नवीन डॉक्टर, कोवळा, अभ्यासू, चांगला मुलगा. पहिल्या दिवशी कुंदाताई मला घेऊन गेल्या. बाक धुतलेला. बाकीच्या कुणी आल्या नाहीत. सिंधी गल्लीतल्या एकीला मुलानं पुण्याला नेलं होतं, दुसरी प्रायव्हेटलाच जायची, पोहेवाल्याची आई अंथरुणाला खिळलेली. आम्ही दोघीच. तो म्हणाला, "बताइए, तकलीफ क्या है?"

कुंदाताई म्हणाल्या, "तकलीफ तो कुछ नहीं."

त्यानं बीपी घेतलं. नॉर्मल. दुसऱ्या दिवशीही घेतलं, तिसऱ्याही. मग एक दिवस, अगदी अदबीनं, म्हणाला, "माताजी, आपको रोज आने की जरूरत नहीं है. महीने में एक बार दिखा दीजिए, बस." यात त्याचं काय चुकलं, सांग? बरोबरच बोलला. आणि कुंदाताई तर नियमाच्या बाई. म्हणाल्या, "जी," आणि महिन्यातून एकदा जायला लागल्या.

पुढे माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जिना बंद झाला. त्या वर यायच्या, माझ्या पलंगाशी बसायच्या. दवाखान्याचं विचारलं की म्हणायच्या, "चालू आहे. छान चालू आहे." एवढंच. हिवाळ्यात गेल्या त्या, झोपेतच. दुधाची पिशवी दाराला तशीच लटकलेली बघून सूनबाई खाली गेली.

त्याच्या थोडं आधीची गोष्ट. मुलगा मला धरून खाली उतरवून रिक्षातून गुडघा दाखवायला नेत होता. गल्लीच्या टोकाला रिक्षा जरा अडकली, पुढे हातगाडी आडवी. मी बाहेर बघितलं. दवाखाना उघडा होता, आत ट्यूबलाइट, दोन-चार लोक रांगेत, एक बाळ रडत होतं. आणि व्हरांड्यात बाकावर कुंदाताई. महिन्याची तारीख नव्हती ती त्यांची. आत जायचं नव्हतं त्यांना, नंबर लावला नव्हता. इस्त्रीची साडी, मांडीवर पर्स. बाकावर दुसरं कुणी नव्हतं, तरी त्या अगदी टोकाला बसल्या होत्या, एवढा सगळा बाक मोकळा सोडून. चष्मा लावलेला होता. मी हाक मारली, पण हातगाडी सरकली आणि रिक्षावाल्यानं हॉर्न दाबला. त्यांनी मान वळवली, आवाजाकडे, पण माझ्याकडे नाही.

तर अशा त्या फोटोतल्या बाई. मुक्ता, या रविवारी ये. काम काढून नको, मला बरं नाही असं ऐकून नको, काही आणूही नकोस. ये, बस, मी काय भाजी केली ते विचार, आणि जा हवं तर लगेच. पण ये गं लवकर.